काकदंतपरीक्षा, म्हणजे दात असलेल्या एका पक्ष्याची गोष्ट

शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या आमच्या बाईंचा एक लाडका शब्द होता, काकदंतपरीक्षा. कावळ्याचे दात तपासणं. म्हणजे जे मुळात नाहीच त्याच्यावर डोकं चालवत बसायचं, निव्वळ रिकामटेकडा उद्योग. कोणी फालतू प्रश्न विचारला की बाई चष्म्याच्या वरून बघायच्या आणि म्हणायच्या, "झाली का सुरू तुझी काकदंतपरीक्षा?" आणि गंमत बघा, ह्याच बाईंनी आमच्याकडून द्विज शब्दाचे तीन अर्थ पाठ करून घेतले होते, मुंज झालेला ब्राह्मण, पक्षी आणि दात, कारण तिघंही दोनदा जन्मतात, पक्षी आधी अंडं म्हणून आणि मग पिल्लू म्हणून, दात आधी दुधाचे आणि मग पक्के. म्हणजे पक्षी आणि दात एका शब्दात मावतात पण एका तोंडात मावत नाहीत असा काहीतरी हिशोब.

पण एके काळी मावायचे. साधारण साडेआठ कोटी वर्षांपूर्वी, आज जिथे अमेरिकेतलं कॅन्सस राज्य आहे तिथे समुद्रावर एक पक्षी उडायचा, पारव्याएवढा, चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम वीतभर किंवा थोडा जास्त, धड बघाल तर आजच्या कुठल्याही पक्ष्यासारखं आणि तोंड उघडलं की आत बारीक, मागे वळलेल्या, धारदार दातांची रांग. नाव इक्थिऑर्निस. ग्रीकमध्ये इक्थिस म्हणजे मासा आणि ऑर्निस म्हणजे पक्षी, पण मासे खायचा म्हणून हे नाव पडलेलं नाही, मासे तो खात असणारच, नाव पडलं ते त्याच्या मणक्यांमुळे. आजच्या पक्ष्यांच्या मणक्यांचे सांधे घोड्याच्या खोगिरासारखे असतात, ह्याचे मणके दोन्ही बाजूंनी वाटीसारखे खोलगट होते, बांगड्याचा काटा ताटात नीट बघितला असेल तर तुम्हाला लगेच कळेल मी काय म्हणतोय ते.

आता कॅन्ससमध्ये समुद्र कुठून आला? आज तिथे गव्हाची शेतं आहेत आणि सगळ्यात जवळचा समुद्र हजारेक किलोमीटरवर. पण क्रेटेशियस काळात, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या मोठ्या कालखंडात, उत्तर अमेरिकेच्या मधोमध उत्तरेच्या आर्क्टिकपासून दक्षिणेच्या मेक्सिकोच्या आखातापर्यंत एक उथळ समुद्र पसरला होता, खंडाचे सरळ दोन तुकडे. त्याच्या तळाशी सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा गाळ हळूहळू साचत गेला आणि त्याचा खडू झाला. खराखुरा खडू. ह्या खडूच्या थरांना नायोब्रारा म्हणतात आणि जीवाश्मवाल्यांसाठी ती सोन्याची खाण आहे, मॉसासॉर नावाच्या घोरपडीच्या नात्यातल्या अजस्र समुद्री सरड्यांपासून ते पाच-पाच मीटर लांबीच्या माशांपर्यंत सगळं तिथे सापडतं. हेज गावातल्या स्टर्नबर्ग म्युझियममध्ये तर एक मोठा मासा आहे ज्याच्या पोटात दुसरा अख्खा मासा तसाच्या तसा आहे, गिळला आणि मेला, बहुतेक त्या गिळण्यानेच मेला. अशा समुद्राच्या वर आपला हा पारव्याएवढा पक्षी घिरट्या घालायचा. कोकणात हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरव आणि सुरय येतात ना, पाण्यावरून तरंगत जातात आणि मधूनच सूर मारतात, तसं काहीसं डोळ्यांपुढे आणा.

सापडला कसा ही गोष्ट तर पक्ष्याएवढीच रंगतदार आहे. १८७२ साल. बेंजामिन मज नावाचे कॅन्ससमधले एक प्राध्यापक सुट्टीत खडूच्या टेकड्या धुंडाळायचे. त्यांना बारीक पोकळ हाडं आणि दोन छोटे जबडे सापडले. त्या काळात अमेरिकेत जीवाश्मांच्या दुनियेत दोन दादा माणसं होती, फिलाडेल्फियाचे एडवर्ड कोप आणि येल विद्यापीठाचे ऑथनिएल मार्श, आणि दोघांचं एकमेकांशी असं काही हाडवैर (इथे हा शब्द अक्षरशः लागू) की एकमेकांची माणसं फोडणं, घाईघाईत नावं देऊन मोकळं होणं, छापून एकमेकांची अक्कल काढणं, सगळं चालायचं. मजसाहेबांनी खोका बांधून वर कोपचा पत्ताही लिहिला होता म्हणे. तेवढ्यात मार्शचं पत्र आलं, काही नवीन सापडलं असेल तर पाठवा. जुनी ओळख होती, मजसाहेबांनी पत्ता बदलला आणि खोका येलला गेला. बास, एवढ्यावरून इतिहासात एकाचं नाव लागलं आणि दुसऱ्याचं राहिलं.

मार्शने खोका उघडला आणि तो चुकला, पण चूक अगदी समजण्यासारखी होती. त्याने म्हटलं ही पोकळ हाडं पक्ष्याची आणि हे दातवाले जबडे कुठल्यातरी लहानशा समुद्री सरपटणाऱ्या प्राण्याचे. दोघांना दोन वेगळी नावं पण देऊन टाकली, पक्ष्याचं इक्थिऑर्निस आणि सरड्याचं कोलोनोसॉरस. कारण पक्ष्याला दात कसे असतील? तुम्ही-मीही हेच केलं असतं, भांड्यात कोंबडीची हाडं आणि मगरीचा जबडा एकत्र मिळाला तर कोणी म्हणेल का की ही एकच वस्तू आहे. पण मग दगड अजून साफ करत गेल्यावर कवटीचे बाकीचे भाग निघाले आणि १८७३ मध्ये मार्शला जाहीर करावं लागलं की सरडा-बिरडा काही नाही, जबडे पक्ष्याचेच आहेत.

हे त्या वेळी किती मोठं होतं ते समजून घ्यायला हवं. डार्विनचं पुस्तक येऊन जेमतेम चौदा वर्षं झाली होती. पक्षी सरपटणाऱ्या प्राण्यांपासून आले म्हणता तर मधले दुवे दाखवा, हा विरोधकांचा रोखठोक प्रश्न. जर्मनीत १८६१ साली आर्किओप्टेरिक्स सापडला होता, पिसांचा आणि लांब हाडाळ शेपटीचा, पण ज्या नमुन्याची चर्चा चालू होती त्याचं डोकं जवळजवळ गायबच, त्यामुळे दातांबद्दल वाद चालूच. आणि इथे कॅन्ससमध्ये दातांसकट पक्षी, वर त्याच खडूतून हेस्परॉर्निस नावाचा दुसरा एक दातवाला, तो उडणाराच नाही, पंख नावापुरते उरलेले, पाण्यात बुडी मारून मासे धरणारा आणि लांबीला जवळपास माणसाएवढा. मार्शने १८८० मध्ये ह्या दातवाल्या पक्ष्यांवर एक भलाथोरला, उत्तम चित्रांचा ग्रंथ काढला, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये डार्विनने त्याला पत्र लिहून कळवलं की गेल्या वीस वर्षांत उत्क्रांतीच्या सिद्धांताला मिळालेला सगळ्यात चांगला आधार तुमच्या ह्या कामाचा आहे. खुद्द डार्विनचं सर्टिफिकेट, अजून काय पाहिजे.

पण सर्टिफिकेटाने पोट भरत नाही. तो ग्रंथ सरकारी खर्चाने छापलेला होता आणि १८९२ मध्ये अमेरिकन संसदेत भूशास्त्र खात्याच्या बजेटवर वाद झाला तेव्हा अलाबामाचे एक खासदार हिलरी हर्बर्ट ह्यांनी नेमका हाच ग्रंथ पकडला. दात असलेले पक्षी! जनतेच्या कष्टाचा पैसा ह्याच्यावर! खूप हशा पिकला, 'दातवाले पक्षी' हे सरकारी उधळपट्टीचं टोपणनाव होऊन बसलं, खात्याचा निधी कापला गेला आणि मार्शला सरकारी पद सोडावं लागलं. म्हणजे आमच्या बाई जे म्हणायच्या अगदी तेच, काकदंतपरीक्षा, फक्त इंग्रजीतून आणि संसदेत. आणि नियतीचा विनोद असा की पुढे इक्थिऑर्निसची हाडं हर्बर्टसाहेबांच्या खुद्द अलाबामातही सापडली.

मला वाटलं होतं गोष्ट इथे संपते. नाही. १९५२ मध्ये येलच्याच जोसेफ ग्रेगरी ह्यांनी जबडे पुन्हा तपासले आणि म्हणाले की हे मॉसासॉरच्या जबड्यासारखे फारच दिसतात, बहुधा छोट्याशा मॉसासॉरचेच असावेत आणि चुकून पक्ष्याला चिकटवले गेलेत. त्यांचा मुद्दा अगदीच हवेतला नव्हता, दोघांच्या खालच्या जबड्यात मधोमध एक सांधा असतो आणि दातांची ठेवणही सारखी. मग काही वर्षं वाचणाऱ्याला प्रश्न, बाबा नक्की आहेत का दात? सत्तरच्या दशकात आणि पुढे नवे नमुने अभ्यासले गेले, ज्यात जबडा आणि बाकीची कवटी एकत्र होती, आणि दात पक्ष्याला परत मिळाले. सरडा, पक्षी, पुन्हा सरडा, पुन्हा पक्षी. एवढ्याशा जबड्याने शंभर वर्षं लोकांना नाचवलं.

बरं आता मुख्य मुद्द्यावर येतो, हा पक्षी पक्ष्यांच्या उत्क्रांतीत बसतो कुठे.

ह्यासाठी पुढच्या वेळी घरी चिकन आणाल तेव्हा दोन मिनिटं थांबून बघा, शाकाहारी असाल तर माझ्यावर विश्वास ठेवा. छातीच्या हाडाच्या मधोमध एक उभा कणा असतो, होडीच्या तळाला असतो तसा, त्याच्या दोन्ही बाजूंना ब्रेस्ट पीसचं मांस. हा मोठा स्नायू पंख खाली ओढतो. त्याच्या आतल्या बाजूला एक वेगळी, बारीक, सहज सुटी होणारी पट्टी असते, हॉटेलवाले तिला टेंडर म्हणतात. ती पंख वर उचलते. आता विचार करा, पंख वर उचलणारा स्नायू पाठीवर असायला हवा ना, तो छातीवर खाली कसा? तर त्याची दोरी, म्हणजे कंडरा, खांद्यातल्या एका भोकातून वर जाऊन पंखाच्या हाडाला वरून बांधलेली असते, विहिरीवरच्या रहाटासारखी. खाली ओढलं की बादली वर. सगळं वजन पोटाखाली राहतं आणि पक्षी हवेत कलंडत नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी त्या दिवशी जेवताना घरच्यांचं डोकं खाल्लं होतं, चिकन बाजूलाच.

इक्थिऑर्निसकडे हे सगळं होतं. छातीचा खोल कणा, खांद्यातली कप्पी, मनगटाची आणि तळहाताची हाडं जुळून बनलेलं एकच पंखाचं हाड, आखूड शेपटी जिच्या टोकाला मणके जुळून एक छोटं हाड झालेलं आणि त्याच्यावर पिसांचा पंखा. मानेखालचा सांगाडा हातात दिला तर पक्ष्यांचा चांगला जाणकारही क्षणभर आजच्याच एखाद्या समुद्रपक्ष्याचा म्हणेल (मणके बघेपर्यंत). आर्किओप्टेरिक्सकडे, जो १५ कोटी वर्षांपूर्वीचा, ह्यातलं जवळपास काही नव्हतं, छातीच्या हाडाला कणा नाही, शेपटी पालीसारखी लांब, पंखांवर तीन सुटी नखवाली बोटं. म्हणजे मधल्या साडेसहा कोटी वर्षांत उडण्याचं इंजिन पूर्ण तयार झालं. पण डोकं मागे राहिलं. धड आजचं आणि तोंड कालचं, असा प्रकार.

आणि तोंड तरी किती कालचं हे २०१८ पर्यंत नीट माहीतच नव्हतं, कारण मार्शच्या काळातल्या कवट्या चपट्या झालेल्या आणि अर्धवट. २०१४ मध्ये कॅन्ससमध्येच एक नवा नमुना मिळाला ज्याची कवटी जवळपास पूर्ण होती. ह्या वेळी कोणी छिन्नी-हातोडी चालवली नाही, दगडासकट सीटी स्कॅन केला आणि कॉम्प्युटरवर एकेक हाड सुटं करून परत जोडलं. डॅनियल फील्ड, भार्त-अंजन भुल्लर वगैरे मंडळींनी तो अभ्यास २०१८ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात छापला, आणि त्या नादात येलमधल्या मार्शच्या जुन्या नमुन्यातही कवटीची दोन हाडं सापडली जी इतकी वर्षं कोणाच्या लक्षातच आली नव्हती.

त्यातून कळलं ते असं. चोच होती, पण फक्त टोकाला. वरच्या जबड्याच्या अगदी पुढच्या भागात दात नव्हते, तिथे शिंगासारखं कठीण आवरण असणार, आणि त्याच्या मागे दात सुरू. म्हणजे चोच आधी पूर्ण आली आणि मग दात गेले असं नाही, चोच टोकाकडून सुरू झाली, चिमट्यासारखी. ह्या लोकांचं म्हणणं असं की हाताचे पंख झाल्यावर उचलायला, टिपायला, पिसं साफ करायला काहीतरी लागणारच होतं, ती बोटांची कामं ह्या चिमट्याने घेतली. मला हे पटतं, आमच्या गॅलरीत येणारी साळुंकी ज्या सफाईने कुंडीतली काडी उचलते ती बघितल्यावर तर जास्तच. दुसरं म्हणजे वरचा जबडा हलत होता. आपला हलत नाही, बोलताना हात लावून बघा, फक्त खालचा हलतो. पोपटाचा वरचाही उचलला जातो, बहुतेक सगळ्या आजच्या पक्ष्यांचा थोडाफार हलतो, आणि त्यासाठी टाळूच्या हाडांची सरकणारी यंत्रणा लागते. ती ह्याच्याकडे होती. पण कवटीच्या मागच्या बाजूला कानशिलापाशी जबडा आवळणाऱ्या स्नायूंसाठी भलीमोठी जागा, अगदी डायनोसॉरसारखी. एकाच डोक्यात पुढे पक्षी, मागे डायनोसॉर.

मेंदूच्या बाबतीत मात्र मजा झाली. २०१८ च्या अभ्यासात वाटलं होतं की मेंदू बराचसा आजच्या पक्ष्यासारखा आहे. २०२१ मध्ये ख्रिस्तोफर टोरेस, ज्युलिया क्लार्क ह्यांनी अजून एका नमुन्यावरून मेंदूच्या पोकळीचा आकार काढला तर तो आर्किओप्टेरिक्सच्या वळणाचा निघाला, पुढचा भाग लहान, दृष्टीचे भाग आजच्या पक्ष्यांइतके खाली ढकललेले नाहीत. त्यावरून त्यांनी असा विचार मांडला की मोठ्या उत्पातात जे पक्षी तगले ते कदाचित मोठ्या मेंदूमुळे. असो, त्या उत्पाताकडे येतोच.

इथे एक गैरसमज काढून टाकू, जो माझाही होता. आपण उत्क्रांती म्हटलं की जिना डोळ्यापुढे आणतो, डायनोसॉर, मग आर्किओप्टेरिक्स, मग इक्थिऑर्निस, मग कोंबडी, एकेक पायरी वर. तसं नाहीये, ते भाऊबंदकीसारखं आहे. इक्थिऑर्निस हा आजच्या पक्ष्यांचा पणजोबा नाही, पणजोबाचा चुलत भाऊ आहे. एकाच वाड्यातून दोन घरं निघाली, एका घराने दात ठेवले आणि त्याचा वंश खुंटला, दुसऱ्याने दात टाकले आणि त्याच्या पोरांनी जग भरलं. आणि हा चुलता आपल्या इतका जवळचा की तो कसा होता ते बघून आपला पणजोबा साधारण कसा असेल ह्याचा अंदाज येतो, म्हणून त्याला एवढं महत्त्व. बाकी दूरचे नातेवाईक भरपूर होते. चीनमधला कन्फ्युशिऑर्निस, इक्थिऑर्निसपेक्षा चार कोटी वर्षांनी जुना, त्याला मुळीच दात नाहीत, छान चोच. म्हणजे त्याने दात स्वतंत्रपणे आधीच सोडले होते, आपल्या घराण्याचा त्याच्याशी संबंध नाही. मग एनॅन्टिऑर्निथीस नावाचा मोठा गोतावळा, क्रेटेशियसमध्ये बहुतेक जंगलांत हेच पक्षी, बहुतेकांना दात, एकही वंशज उरला नाही. जिना असता तर दात एकदाच गेले असते. झाड आहे म्हणून वेगवेगळ्या फांद्यांवर वेगवेगळ्या वेळी गेले.

मग दात गेले तरी का? लहानपणापासून ऐकलेलं उत्तर म्हणजे वजन कमी करायला, दात जड असतात, उडणाऱ्याला परवडत नाहीत. मला हे उत्तर आता पोकळ वाटतं, कारण इक्थिऑर्निसच बघा ना, छातीचं इंजिन फुल, समुद्रावर उडतोय, तोंडात दात, काही अडलं नाही त्याचं. एवढाल्या बारीक दातांचं वजन ते किती. दुसरी एक कल्पना २०१८ मध्ये आली ती मला जास्त आवडली. डायनोसॉरांच्या गर्भातल्या दातांवर रोजच्या वाढीच्या रेघा असतात, झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारख्या, त्या मोजून २०१७ मध्ये काढलं होतं की त्यांची अंडी उबायला तीन ते सहा महिने लागत. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. दात बनवणं हे हळू चालणारं काम, अंड्यातला बराच वेळ खाणारं, तेव्हा ज्यांनी दात सोडले त्यांची पिल्लं लवकर बाहेर आली आणि सापा-खारींच्या तावडीतून वाचली, अशी ती कल्पना. तिच्यावरही आक्षेप आहेतच, काही बिनदाती डायनोसॉर होते आणि ते काही झटपट अंडी उबवणारे नसावेत. तिसरा पक्ष खाण्याकडे बोट दाखवतो, बिया टिपायला आणि फोडायला चोच आणि पोटातली दगडांची गिरणी बरी. बहुधा एकच कारण नसेलही, फांद्या वेगळ्या तशी कारणंही वेगळी.

मग ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी ते झालं. आजच्या मेक्सिकोत चिक्शुलुबला दहाएक किलोमीटर व्यासाचा अशनी पडला. त्याच सुमाराला आपल्याकडे दख्खनमध्ये लाव्हाचे पूर वाहत होते, लोणावळ्याहून खंडाळ्याच्या घाटात उतरताना जो काळा कातळ थरावर थर दिसतो तो त्याच काळाच्या आगेमागेचा. (अशनी आणि दख्खनचा लाव्हा ह्यातला कोणाचा वाटा किती ह्यावर लोक अजून भांडतात, मुख्य गुन्हेगार अशनी ह्यावर बऱ्याच जणांचं एकमत आहे.) डायनोसॉर गेले, मॉसासॉर गेले, आणि पक्षीही प्रचंड गेले, हे आपण विसरतो. दातवाला एकही पक्षी त्या रेषेच्या पलीकडे आला नाही. बिनदातवाल्यांतलेही मूठभरच आले.

रेषेच्या अगदी अलीकडचा एक फोटो आहे आपल्याकडे असं समजा. नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्टजवळच्या, पण बेल्जियमच्या हद्दीतल्या खाणीतले दगड, ६ कोटी ६७ लाख वर्षांचे, म्हणजे अशनी पडायच्या काही लाख वर्षं आधीचे. त्यातून दोन पक्षी निघाले. एक २०२० मध्ये जाहीर झाला, अ‍ॅस्टेरिऑर्निस, कोंबड्या आणि बदकांच्या एकत्र घराण्याच्या बुडाशी बसणारा, दात नाहीत, पत्रकारांनी त्याला लाडाने वंडरचिकन केलं. दुसरा २०२२ मध्ये, जानाविस, हा इक्थिऑर्निसचा थेट नातेवाईक, पण आकाराने बराच मोठा, दीड किलोच्या आसपास, आणि दात शाबूत. एकाच किनाऱ्यावर, एकाच काळात, दात असलेला आणि नसलेला. त्याचं पूर्ण नाव जानाविस फायनलिडेन्स, जानुस हा रोमन लोकांचा दोन तोंडांचा देव, एक मागे बघणारं एक पुढे, आणि फायनलिडेन्स म्हणजे शेवटचा दात.

ह्या जानाविसचं एक हाड वीस वर्षं खांद्याचं समजून डब्यात पडून होतं. नीट बघितलं तर ते टाळूचं निघालं, आणि त्याचा आकार थेट कोंबड्या-बदकांच्या टाळूच्या हाडासारखा. हे वाचायला किरकोळ वाटतं पण ह्याने दीडशे वर्षांचा एक समज हलला. १८६७ मध्ये थॉमस हक्स्लीने पक्ष्यांची विभागणी टाळूवरून केली होती आणि तेव्हापासून मानलं जायचं की शहामृग, एमू ह्यांची घट्ट जुळलेली टाळू जुनी आणि बाकी पक्ष्यांची सरकती टाळू नंतरची सुधारणा. पण दातवाल्या चुलत्याकडेच जर सरकती टाळू असेल तर ती जुनी ठरते आणि शहामृगाने ती नंतर घट्ट करून टाकली असा उलटा अर्थ निघतो. पाठ्यपुस्तकातलं एक पान एका हाडाने फिरवलं.

आता राहिलं ते दातांचं पुढे काय झालं. पूर्ण गेले नाहीत ते. म्हणजे तोंडातून गेले पण नकाशातून नाही. २००६ मध्ये कोंबडीच्या एका विशिष्ट म्युटेशनच्या गर्भांत संशोधकांना जबड्याच्या कडेला बारीक शंकूसारखे उंचवटे दिसले, मगरीच्या गर्भातल्या सुरुवातीच्या दातांसारखे. ती पिल्लं अंड्याबाहेर येण्याआधीच मरतात, त्यामुळे दात विचकणारी कोंबडी कोणी बघितलेली नाही आणि बघणारही नाही. पण दात सुरू करायचा आदेश कुठेतरी अजून लिहिलेला आहे, पुढचं सामान मात्र संपलंय.

कुठलं सामान ते २०१४ मध्ये कळलं. दाताचं इनॅमल आणि त्याखालचं डेंटिन बनवायला जे जीन लागतात त्यातले सहा जीन ४८ जातींच्या पक्ष्यांच्या डीएनएमध्ये शोधले. सगळेच्या सगळे मोडलेले सापडले, कुठे अक्षरं गळलेली, कुठे वाक्य मधेच तुटलेलं, पडक्या वाड्याच्या भिंती उभ्या असतात तसे. आणि काही मोडतोड सगळ्या ४८ जणांत अगदी सारखी, त्याच जागी. एकाच वर्गातल्या पोरांच्या पेपरात सारखीच चूक दिसली की मास्तर ओळखतात ना कोणी कोणाचं बघून लिहिलं, तसंच, ही चूक प्रत्येकाने वेगळी केलेली नाही, सगळ्यांच्या समाईक पूर्वजाकडून आलेली आहे. इनॅमल बनवणं बंद पडलं त्याचा अंदाज त्यांनी साधारण ११ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा काढला. म्हणजे इक्थिऑर्निस कॅन्ससच्या समुद्रावर दात दाखवत फिरत होता तेव्हा आपल्या चिमण्या-कावळ्यांच्या घरात दात जाऊन तीन कोटी वर्षं झाली होती. वाडा एकच, पण वाटण्या कधीच्या झालेल्या.

त्या ४८ जातींत कोंबडी होती, बदक होतं, शहामृग होता, पेंग्विन होते, आणि अमेरिकन कावळाही होता. म्हणजे कावळ्याच्या दातांची परीक्षा रीतसर लॅबमध्ये झाली आणि तिचा निकाल 'सायन्स' ह्या नियतकालिकात छापूनही आला. बाईंना हे कळवायला हवं होतं. त्या चष्म्यावरून बघितल्या असत्या हे नक्की.